एका माणसाचं टेबल

"आई, ऊठ आता. वर सगळे थांबलेत."

संदेश राऊत टेबलावर हात टेकून उभा होता. खुर्चीत त्याची आई, सुमन राऊत, एकट्याच बसल्या होत्या. पुढ्यात टोमॅटोचं सूप, नुकतंच आणलेलं, वाफाळतं. त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली, सूप प्यायल्या आणि मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "तुमी जेवून घ्या. मी हितं हाय."

"हितं हाय म्हणजे काय? तीन दिवस चाललंय हे."

"मग आजचा तिसरा."

शेजारच्या टेबलावरच्या दिल्लीच्या जोडप्याने काटे खाली ठेवले होते. मी टॅब्लेट छातीशी धरून दोन पावलांवर उभी होते, चेहऱ्यावर आमचं शिकवलेलं हसू. कमरेचा फोन सारखा थरथरत होता. न बघताही कळत होतं कोणाचा आहे. आमचे हॉटेल डायरेक्टर, डिसूझा सर.

तो माणूस माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही मराठी आहात ना? बघा तुम्हीच. आम्ही घरची चौदा माणसं आलोय आणि आमची आई एकटी कोपऱ्यात बसून जेवते. तुम्ही तिला रोज टेबल देताच कसं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर द्यायला मात्र मला जरा मागे जावं लागेल.

मी क्रूझ जहाजावर काम करते. मूळची अलिबागची. वडील कोर्टात कारकून होते. हॉटेल मॅनेजमेंट केलं, मुंबईच्या हॉटेलांत काही वर्षं काढली, मग जहाजावर आले ती आलेच. सध्या ज्या जहाजावर आहे ते मुंबईहून निघतं, कोची आणि गोवा करून परत मुंबईला येतं. त्यावर जेवायची दोन प्रकारची ठिकाणं असतात. एक मोठा डायनिंग हॉल आणि बुफे. ते तिकिटातच येतं, कितीही खा. दुसरी छोटी छोटी रेस्टॉरंट्स, त्यांना स्पेशालिटी म्हणतात. आमच्याकडे एक जपानी, एक इटालियन आणि एक ग्रिल आहे. तिथे जागा थोड्या, पैसे वेगळे, टेबल आधी बुक करावं लागतं. या तिन्हींची मॅनेजर मी. कोणाला कुठे आणि कधी बसवायचं, हे माझं मुख्य काम.

ऐकायला सोपं वाटतं. आमच्या भाषेत जेवणाऱ्या एका माणसाला एक कव्हर म्हणतात. दोघांच्या टेबलाला टू-टॉप. खिडकीजवळची सगळी टेबलं टू-टॉप असतात, कारण खिडकी जोडप्यांना हवी असते. तिथे एकटा माणूस बसला की एक कव्हर गेलं. संध्याकाळच्या गर्दीत अशी चार-पाच कव्हरं गेली की वरून फोन येतो.

म्हणून जहाजावर एकट्याने जेवायला येणाऱ्यांसाठी एक पद्धत पडलेली आहे. कुठे लिहिलेली नाही, पण सगळीकडे पाळतात. एकटा दिसला की त्याला जपानी रेस्टॉरंटमधल्या तेप्पानवर पाठवायचं. तेप्पान म्हणजे मोठा तापलेला तवा. त्याच्याभोवती आठ जण बसतात आणि शेफ समोरच शिजवून वाढतो, मधेच अंडं उडवून टोपीत झेलतो. सगळे टाळ्या वाजवतात. एकट्या माणसाला सोबत मिळते, आमची जागा वाचते. नाहीतर मग किचनच्या दाराजवळचं टेबल. आणि कुठेही बसवलं तरी वेटरने त्याच्याशी जास्त बोलायचं, शेवटी एखादा केक फुकट द्यायचा. एकटं वाटू नये म्हणून.

पहिल्या संध्याकाळी सुमनमावशी आल्या तेव्हा मी हेच केलं. जहाज नुकतंच मुंबई सोडून दक्षिणेला वळलं होतं. जपानी रेस्टॉरंटच्या दारात साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात रूमचं कार्ड. कार्डावरचं नाव वाचून मी मराठीत नमस्कार केला.

"किती जण, मावशी?"

"मी."

मी त्यांना तेप्पानवर नेलं. तिथे इंदूरचा एक ग्रुप अंड्याच्या खेळावर किंचाळत होता. मावशींनी दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या दंडाला धरून मला मागे घेतलं.

"बाय, हितं न्हाय. तिथं बसव." त्यांनी डाव्या बाजूच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

टेबल रिकामं होतं, वेळही लवकरची होती. मी बसवलं. समोरची दुसरी प्लेट आणि ग्लास उचलायला वेटर आला, तसा खडखडाट झाला. एकट्या माणसासमोरून दुसऱ्याचं ताट उचलण्याचा हा आवाज मी इतकी वर्षं रोज ऐकत आलेय. तो किती वाईट वाटतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, कारण मावशी ते ताट दृष्टीआड होईपर्यंत बघत राहिल्या.

"कुठली गो तू?" त्यांनी विचारलं.

"अलिबागची."

"मी चौलची. वाडी हाय आमची. नारळ-सुपारी."

मग थोडा वेळ आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत होतो. काळोख पडत होता. लांब किनाऱ्यावर दिवे लागलेले. एक दिवा ठरावीक वेळाने मिचकत होता. कोर्लईचं दीपगृह. त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही. दोघींनाही माहीत होतं. पण आम्ही तो आयुष्यभर जमिनीवरून बघितला होता. पाण्याकडून बघताना तो परक्याच्या घरासारखा दिसत होता.

मेनू मी वाचून दाखवला. कच्च्या माशाचं ऐकून त्या म्हणाल्या, "आमी मासा तळेपर्यंत तरी थांबतो." कोळंबीची भजी, म्हणजे टेम्पुरा, आणि भात मागवला. शेवटी मी ठरल्याप्रमाणे केक पाठवला, त्यावर एक मेणबत्ती लावून.

त्यांनी मला हाक मारली. "आज माझा वाढदिवस हाय काय?"

"नाही मावशी. तुम्ही एकट्याच होतात, म्हणून आमच्याकडून."

"एकटं बसावं म्हणूनच आले गो बाय. एकट्याच्या पुढं मेणबत्ती कशाला लावतेस?" त्यांनी फुंकर मारून ती विझवली आणि केक बाजूला सारला. "आणि शुगर हाय मला. न्हेऊन टाक हे."

"बरोबर कोणी नाही का आलं?"

"आलंय ना. वर लटांबर हाय सगळं."

मला वाटलं, सुनांशी भांडण झालं असेल. आपल्या डोक्यात असल्या गोष्टी आपोआप तयार होतात.

दुसऱ्या संध्याकाळी त्या ग्रिलमध्ये आल्या. त्यांनी स्वतः रिसेप्शनवर जाऊन बुकिंग केलं होतं, शुगर असल्याचंही लिहून घ्यायला लावलं होतं. शेफने त्याप्रमाणे त्यांचं वेगळं केलं. त्यांच्या टेबलाला जोएल होता. जोएल फिलिपिन्सचा, कानाशी केस पिकलेला, या धंद्यात माझ्याहून जुना. त्याला मराठी-हिंदी येत नाही, मावशींना इंग्रजी येत नव्हतं. तो बोट दाखवी, त्या मान हलवीत किंवा हात आडवा करीत. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ह्याला माझं काय कळत न्हाय, त्येच बरं हाय. उगाच काय विचारत न्हाय बिचारा."

त्या दीड तास बसल्या. सावकाश जेवल्या. खाऊन झाल्यावर दोन्ही हात टेबलावर ठेवून बाहेरच्या काळ्या पाण्याकडे बघत राहिल्या. रडत नव्हत्या, कंटाळल्या नव्हत्या, फोनही नव्हता हातात. हिशेबाची बेरीज जुळत नसताना माणूस जसा बसतो तशा बसल्या होत्या.

रात्रीच्या रिपोर्टमध्ये डिसूझा सरांनी ते टेबल पकडलंच. "हे सोलो कोण? प्राईम टायमाला खिडकी अडवून बसलंय. उद्या तेप्पानवर दे."

"त्यांना तेप्पान नकोय, सर."

"मनीषा, सगळ्यांना खिडकी हवी असते."

माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. ते वाढवायचं की नाही याच्या कागदावर सही डिसूझा सरांची. मी "बघते" म्हणाले. मराठीत याचा अर्थ होतो की बघणार नाही. ते गोव्याचे असल्यामुळे त्यांना तो कळला असावा.

आणि मग तिसरी संध्याकाळ. कोची सोडलं होतं, आम्ही गोव्याकडे निघालो होतो. मावशी इटालियनमध्ये सूप पीत होत्या आणि मुलगा विचारत होता, तुम्ही तिला टेबल देताच कसं.

मी म्हणाले, "सर, बुकिंग त्यांच्या नावावर आहे."

"मी तिचा मुलगा आहे. मी कॅन्सल करतो."

"ज्याच्या कार्डावर बुकिंग आहे त्यालाच कॅन्सल करता येतं, सर."

"तिला शुगर आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"शेफला माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय."

तो थबकला. आईने हे स्वतः सांगितलं असेल असं त्याला वाटलं नसावं. पण माघार घ्यायच्या मनःस्थितीत तो नव्हता. त्याने मॅनेजरच्या वरच्याला बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, ते येतच आहेत. फोन कशासाठी वाजत होता ते एव्हाना कळलंच होतं. संदेश खाली यायच्या आधीच रिसेप्शनवर तक्रार करून आला होता.

डिसूझा सर बाहेरच्या पॅसेजमध्ये भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काय प्रॉब्लेम आहे? फॅमिलीबरोबर बसव. संपलं."

"त्यांना नाही बसायचं."

"चौदा जणांचा ग्रुप आहे, मनीषा. चौदा फीडबॅक फॉर्म."

"सर, पाहुणा कोण? टेबल बुक केलेली बाई की तिच्या वतीने बोलणारा माणूस?"

"दोघेही पाहुणेच."

"मग दोघांना विचारू या. एकाला तर अजून कोणीच विचारलं नाही."

हे बोलताना माझा आवाज जरा चढला. साहेबांशी असं बोलायची मला सवय नाही. पण रोज शेकडो माणसांना कुठे बसायचं ते मी सांगते आणि त्यातला एखादाच ठामपणे सांगतो की मला इथे बसायचंय. त्याला उठवायचं तर कारण हवं. माझ्याकडे ते नव्हतं.

डिसूझा सर आत गेले. टेबलाशी कमरेत वाकून त्यांनी इंग्रजीत गुड ईव्हिनिंग म्हटलं. मावशींनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

"बसा साहेब. उभ्याने बोललं की भांडण वाटतं."

ते बसले. आम्ही बाकीचे उभे. जोएल पुढची डिश घेऊन आला होता, तो तसाच मागे थांबला.

"मॅडम, तुमचा मुलगा काळजीत आहे," डिसूझा सर मोडक्या मराठीत म्हणाले.

"माहीत हाय. चांगला मुलगा हाय माझा." मावशींनी रुमालाने तोंड पुसलं. "साहेब, घरात ही पोरं वाडी विकायचं बोलतात. चौलहून मुंबईला जेट्टीवर येईपर्यंत गाडीत तेच. ह्या बोटीवर चढल्यावर पहिल्या चहाला तेच. मी न्हाय म्हणत न्हाय, व्हय म्हणत न्हाय. मला विचार करायचाय. चौदा माणसं पानावर बसल्यावर विचार व्हतो काय? दिवसभर त्यांच्याबरोबरच असते की. नातवंडांबरोबर पत्ते खेळते, सुनेबरोबर नाच बघायला जाते. येक रातचं जेवण तेवढं माझं मला द्या म्हणते. एवढंच."

संदेशचा चेहरा लाल झाला. "आई, हे सगळं लोकांसमोर—"

"लोकांस्नी तू आणलास रं. मी सूप पीत व्हते."

डिसूझा सर खाली बघून हसू दाबत होते. मग उठले, खुर्ची नीट आत सारली आणि कोकणीत म्हणाले, "जेव गो माय." संदेशशी त्यांनी हात मिळवला आणि म्हणाले, हे टेबल मॅडमचं आहे, तुम्हा सगळ्यांसाठी वर खास व्यवस्था करतो. माझ्याजवळून जाताना मात्र हळूच सुनावलं, "फीडबॅक वाईट आला तर तुझ्या नावावर."

मला कथा इथेच संपवता आली असती. बरं वाटलं असतं. पण दहा मिनिटांनी मी बाहेर डेकवर आले तर संदेश तिथल्या बाकावर बसला होता. वर गेलाच नव्हता. मी पाणी आणून दिलं. तसं ते माझ्या कामातही येतं.

तो आपणहून बोलायला लागला.

"तुम्हाला वाटत असेल, पैशासाठी आईच्या मागे लागलोय."

मला तसंच वाटत होतं.

"आमच्या आजूबाजूच्या सगळ्या वाड्या गेल्या. मुंबईवाल्यांचे बंगले झाले. रात्री आजूबाजूला एक माणूस नसतो, शनिवारी-रविवारी तेवढे गाड्या घेऊन येतात. वादळात आमची अर्धी वाडी झोपली. सुपारीवर चढायला माणूस मिळत नाही. आई एकटी असते तिथे. मी खारघरला, भाऊ पुण्याला. मागच्या पावसाळ्यात विहिरीजवळ घसरली. पहाटे पडली, ती दूधवाला आला तेव्हा कुठे त्याने उचललं. आम्हाला सांगितलं नाही. मला गावातून कळलं." त्याने ग्लास फिरवला. "रात्री फोन उचलला नाही ना, की मी जेवू शकत नाही, मॅडम. आणि ती इथे बोटीवरही एकटी जाऊन बसते. मला राग येणार नाही?"

मी इतकंच म्हटलं, "इथे त्या कुठे आहेत ते तुम्हाला माहीत असतं. आमच्यापैकी कोणी ना कोणी दोन मिनिटांवर असतं. एवढे दिवस जाऊ द्या."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तर नाही म्हणतील."

तो हसला नाही. पाणी संपवलं आणि उठून वर गेला.

त्या रात्री माझ्या मनात गोष्ट अर्धी बदलली, पण अर्धीच. मुलगा वाईट नाही हे पटलं. तरी मी मावशींच्या बाजूची होते. आणि त्यांची बाजू म्हणजे वाडी राखणं, असं मी धरूनच चालले होते. माझ्या आजोळची नागावची वाडी मामांनी विकली, तेव्हा मी जहाजावर होते. कळलं तेव्हा सगळं झालं होतं. कोणीतरी एकीने तरी नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. ही माझी भूक होती. मावशींनी ती ऑर्डर केली नव्हती.

गोवा सोडल्यावरची संध्याकाळ सफरीची शेवटची. दुपारीच मावशी माझ्या डेस्कवर आल्या.

"आज मोठं टेबल दे. चौघांचं. दोन मुलगे, मोठी सून आणि मी."

"विचार झाला, मावशी?"

"झाला."

मी ग्रिलमध्ये कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि जोएललाच लावला. ऐकायची इच्छा नव्हती असं म्हणणार नाही. त्या भागात मी जरा जास्तच फेऱ्या मारल्या.

मावशींनी आधी सगळ्यांना पोटभर खाऊ दिलं. संदेश मांस चिवडत होता. धाकटा नीलेश सारखा भावाकडे बघत होता. प्लेटा उचलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वाडी देऊन टाकू."

मी पाण्याचा जग हातात घेऊन उभी राहिले. भरायचा ग्लास तसाच राहिला.

"नक्की ना आई?" नीलेशने विचारलं.

"नक्की. वाडीत माझा जीव हाय, पण गुडघे न्हाईत. तुमच्या बाबांनी लावलेली झाडं वादळात गेली. जी ऱ्हायली ती मी पडताना बघणार, न्हायतर दुसरं कोण तोडताना. त्यापेक्षा हातपाय चालतात तोवर द्यावी, आणि कोणाला द्यायची ते मी बघीन. आणि आता दुसरं ऐका. मी खारघरला येणार न्हाय. पुण्याला बी न्हाय."

"मग?" संदेशने डोळे मोठे केले.

"अलिबागला बाजाराजवळ एक खोली घ्या माझ्या नावावर. तळमजल्याला. खाली उतरलं की भाजी, मासळी, दवाखाना. माणसांचा आवाज पायजे मला. रातीला तुझा फोन आला तर उचलीन, न्हाय उचलला तर शेजारच्याला कर."

"आई, परत एकटीच राहणार तू?"

"वाडीवर काय गोतावळा व्हता?"

सून, वैशाली, तोंडावर हात ठेवून हसली आणि मग एकदम रडायला लागली. तिने सासूचा हात धरला. संदेश बराच वेळ टेबलक्लॉथची घडी करत बसला. शेवटी म्हणाला, "तळमजल्याला पाणी भरतं अलिबागला. पहिला मजला बघू. लिफ्टवाला."

"बघ," मावशी म्हणाल्या.

निघताना त्या दारापाशी थांबल्या. मुलं पुढे गेली होती. माझ्याने राहवलं नाही.

"मावशी, विकायचीच होती तर पहिल्या दिवशीच हो म्हणायचं ना. एवढा त्रास कशाला?"

"पैल्या दिवशी म्हटलं असतं तर ते त्यांचं व्हय झालं असतं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "तुला न्हाय पटलं वाटतं."

"तसं नाही—"

"न्हाय पटलं तर न्हाय. वाडी तुझी थोडीच हाय."

रागाने नाही म्हणाल्या. पण मी दोन दिवस ते वाक्य घेऊन फिरले.

फीडबॅक आला. चौदा फॉर्म्सपैकी बहुतेकांनी पूर्ण गुण दिले. संदेश राऊत यांनी स्पेशालिटी रेस्टॉरंटला एक गुण कमी दिला होता, कारण लिहिलं होतं: "शेवटच्या दिवशीचं मटण जास्त शिजलं होतं." ते खरंच होतं. मावशींचं आधीचं सूप सावकाश चाललंय हे बघून जोएलने ते गरम राहावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवलं होतं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

पुढच्या सफरीपासून मी काही बदल केले. मोठे नाहीत. तिन्ही रेस्टॉरंट्समध्ये एक एक टेबल आधीपासूनच एका माणसाचं मांडून ठेवतो. एकच प्लेट, एकच ग्लास, समोर खुर्ची आहे पण ताट नाही. म्हणजे कोणाच्या देखत काही उचलावं लागत नाही. दारात "एकटेच का?" असं कोणी विचारत नाही, "नमस्कार, या" एवढंच. तेप्पान हवंय का हे विचारतो, पाठवत नाही. बरेच जण हो म्हणतात, मजेत टाळ्या वाजवतात. सगळेच सुमनमावशी नसतात. आणि मेणबत्ती फक्त वाढदिवसाला. डिसूझा सरांनी सुरुवातीला भुवया उंचावल्या. मग लक्षात आलं की एकटी माणसं शक्यतो लवकर येतात, गर्दीच्या आधी. टेबल दुसऱ्या खेपेला जोडप्याला मिळतंच. आता ते नव्या जहाजांवरच्या मीटिंगमध्ये ही कल्पना स्वतःची म्हणून सांगतात, असं ऐकते.

मागच्या सुट्टीत मी अलिबागला घरी होते. बाजारात मासळी घेताना कोणीतरी पाठीवर थाप मारली. मावशीच. पहिल्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे, पण बहुतेक वेळा बंद. मला वर चहाला घेऊन गेल्या. खोली लहान, स्वच्छ, गॅलरीत दोन कुंड्या. खालून रिक्षांचा आणि एसटीच्या हॉर्नचा आवाज येत होता.

"बरं वाटतं इथे?" मी विचारलं.

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "रोज एकदा वाटतं, चुकलं. बहुतेक सकाळी. उठल्याउठल्या झाडांची सळसळ ऐकायची सवय ना. मग तोंड धुते, खाली उतरते, भाजीवालीशी भांडते. दुपारपर्यंत बरं वाटायला लागतं." चहात साखर नव्हती. माझ्या कपातही नव्हती. "संदेश आता फोन करतो तेव्हा जेवलीस काय विचारतो. दुसरं काय विचारत न्हाय. बरं हाय."

वाडीच्या जागी काय झालं हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या धंद्यात नव्या मुलांना शिकवताना मी आता एक गोष्ट सांगते. टेबल कुठलं द्यायचं हे आपण ठरवतो, म्हणून पाहुण्याने काय मागवावं हेही आपल्याला कळतं, असा भ्रम व्हायला वेळ लागत नाही. माणूस एकटा बसला असेल तर त्याला सोबत हवीच असेल असं नाही, आणि त्याची बाजू घेतली म्हणून तो आपल्या मनासारखं ठरवील असंही नाही. आपण खुर्ची ओढून द्यावी, पाणी भरावं आणि दोन पावलं मागे उभं राहावं. दोन म्हणजे दोनच. चार पावलं मागे गेलं, तर हाक ऐकू येत नाही.